अथणीचा सवाल आणि लठ्ठे वकील

२०२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षे पूर्ण झाली. शहरभर रोषणाई झाली, टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर माणसांची रीघ लागली, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि तेही इथे, हे पुन्हा सगळ्यांना सांगून झाले. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांची आठवणही निघाली. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण त्या साऱ्या गजबजाटात एका वकिलाचे नाव मला कुठेच ऐकू आले नाही, आणि ते ऐकू न येण्याची खंत वाटते म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे. जन्म १८७८ चा, कुरुंदवाडचा. एम. ए., एलएल. बी. आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, मग संस्थानाच्या शिक्षणखात्यात अधिकारी, मग बेळगावात वकील, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद, कोल्हापूरचे दिवाण आणि शेवटी १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री. कराचीपासून कारवारपर्यंत एकेकाळी पसरलेल्या त्या इलाख्याची तिजोरी (सिंध वर्षभरापूर्वीच वेगळा झाला होता) बेळगाव जिल्ह्याने निवडून दिलेल्या माणसाच्या हाती होती. सांगलीत त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे, तिचे कॉलेज आहे. पण ज्या बेळगावात त्यांनी वकिली मांडली, तिथल्या कॉलेजात शिकणाऱ्या मराठी मुलाला लठ्ठे कोण म्हणून विचारा. दहातले नऊ जण नकारार्थी मान हलवतील.

लठ्ठ्यांबरोबर आपण एक प्रश्नही विसरलो. सीमाभागातल्या मराठी राजकारणाची आज जी दशा झाली आहे, तिचे एक मूळ त्या विसरण्यात आहे, असे माझे म्हणणे आहे.

तो प्रश्न आपल्याच जिल्ह्यात विचारला गेला होता. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात स्वराज्य मागणारी टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. दोघेही कायदा शिकलेले. इथले टिळकपक्षाचे आधारस्तंभ दत्तोपंत बेळवी हेही वकीलच. त्या काळात राजकारणात इतके वकील का, याचे उत्तर साधे आहे. सरकारी नोकराला तोंड उघडता येत नव्हते, शेतकऱ्याला सरकारची भाषा येत नव्हती, व्यापाऱ्याला धंदा सांभाळायचा होता. वकिलाची सनद मात्र त्याची स्वतःची होती. पक्षकार त्याला पोसत होते आणि साहेबाला त्याच्याच कायद्याचे कलम दाखवून अडवता येते, हे त्याला रोजच्या सवयीने माहीत होते.

लीग निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, टिळक याच जिल्ह्यातल्या अथणीला आले. ऑगस्टमध्ये भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांनी हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली होती. कायदेमंडळे मोठी होणार, निवडणुका होणार, हे दिसू लागले होते. तेव्हा लिंगायत, मराठे, जैन असे सगळेच विचारू लागले की या नव्या मंडळांत आमची माणसे कशी पोचणार? आम्हाला जागा राखून ठेवा. अथणीच्या सभेत टिळकांनी या मागणीचा समाचार घेतला. तेल्या-तांबोळ्यांना, कुणब्यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचे ते उद्गार पुढे महाराष्ट्रभर गाजले. टिळकांचे पाठीराखे सांगतात की वाक्य संदर्भ तोडून पसरवले गेले. टिळकांचे मोठेपण एका सभेवर तोलायचे नसते, हे मलाही मान्य आहे. पण ऐकणाऱ्यांच्या मनाला जे लागले ते खोटे नव्हते. अथणीच्या आसपास शेतात राबणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळले की स्वराज्याची घोषणा देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कायदेमंडळाचे जे चित्र आहे, त्यात तो नाही.

स्वराज्य येणार असेल तर त्यात आमचा वाटा किती, आणि तो कागदावर कुठे लिहिला आहे? हा अथणीचा सवाल. लठ्ठ्यांनी आपली वकिली या सवालाला वाहिली.

त्यांना हा प्रश्न कुठून सापडला, हे समजायला कोल्हापूरला जावे लागते. त्याआधीही एक मुक्काम आहे आणि तो पुन्हा आपल्याच जिल्ह्यातला. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा सुरू झाली. तिच्या उभारणीत तरुण लठ्ठे होते. या भागातला जैन समाज बहुतांश शेतकरी. काही घरांत कानडी बोलतात, काही घरांत मराठी, पुष्कळ घरांत दोन्ही. शिक्षण नव्हते, नोकऱ्या नव्हत्या. मुलांना शिकायला शहरात पाठवायचे तर राहायचे कुठे, हा पहिला अडसर. म्हणून बोर्डिंगे निघाली. कोल्हापूरचे जैन बोर्डिंग त्यातलेच, आणि त्याच्या कारभारात लठ्ठे होते.

१९०२ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. लठ्ठे त्या वातावरणात वाढले, त्या दरबाराच्या सेवेत राहिले. राखीव जागा म्हणजे काय आणि तिने घराघरांत काय बदलते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुस्तकात वाचून हे शिकणारे पुष्कळ असतात. लठ्ठ्यांनी ते शिक्षणखात्याच्या टेबलावर बसून पाहिले.

पण याच कोल्हापुरात त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंगही घडला, आणि त्यात दुसरे एक मोठे नाव गुंतलेले आहे. भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर, हे जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे ब्राह्मणेतरांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांच्या बोर्डिंगातही विटाळ पाळला जात होता. लठ्ठ्यांच्या चरित्रातला हा डाग आहे, तो पुसून टाकायची काही गरज नाही. पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर आला, की आणला गेला, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून दरबारातल्या मंडळींनी भाऊरावांवर दडपण आणले. ज्यांच्या बोर्डिंगातून आपल्याला जावे लागले त्यांच्याविरुद्ध बोलायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला साफ नकार दिला. कोठडी सोसली, छळ सोसला. पाच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच भाऊरावांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली.

या प्रकरणापाशी मी मुद्दाम थांबतो. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना सगळ्यांना एका रांगेत हार घालून उभे करायची रीत आहे. इथे तसे करता येत नाही. शाहू महाराजांचा दरबार, लठ्ठे, भाऊराव, तिघेही एकाच चळवळीतले आणि तिघांमध्ये तेढ. लठ्ठे नोकरी सोडून बेळगावला आले. १९२२ मध्ये महाराज गेले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९२४ मध्ये, महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहून छापले ते लठ्ठ्यांनीच. ज्या दरबारातून बाहेर पडावे लागले, त्या दरबारच्या राजाचे काम किती मोलाचे होते हे जगाला कागदोपत्री दाखवून द्यायचे कष्ट त्यांनी उपसले. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. स्वतःवर झालेला अन्याय त्यांनी पुराव्याच्या आड येऊ दिला नाही. आजच्या आपल्या राजकारणात कोणी कोणाच्या व्यासपीठावर बसला नाही एवढ्यावरून वीस-वीस वर्षे बोलणे बंद होते. त्यात सीमाभागाच्या चळवळीचे किती तुकडे झाले, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको.

बेळगावात आल्यावर लठ्ठ्यांनी वकिलीबरोबर राजकारणही मांडले. वालचंद कोठारी यांच्यासारखे सहकारी घेऊन डेक्कन रयत या नावाने संघटना उभी केली, इंग्रजी पत्र चालवले. पत्र इंग्रजीतच का? कारण ज्यांच्यापर्यंत म्हणणे पोचवायचे ते माँटेग्यू आणि त्यांचे सल्लागार इंग्रजी वाचत होते. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलायचे आणि सत्तेशी सत्तेच्या भाषेत, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. १९१९ च्या कायद्याखाली मुंबई कायदेमंडळात मराठे आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. त्या एकट्या लठ्ठ्यांमुळे मिळाल्या असे मी म्हणत नाही. शाहू महाराज होते, इतर कितीतरी माणसे होती. पण अथणीत ज्याची टर उडवली गेली ती मागणी दोन वर्षांत कायद्याच्या पुस्तकात आली. ती निवेदनांतून, साक्षींतून, आकडेवारीतून आली. त्यासाठी कोणाला कोणाचा गळा धरावा लागला नाही.

१९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला. लठ्ठे उभे राहिले आणि मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. इथेच त्यांच्यावरचा मोठा आक्षेप सुरू होतो. देश असहकारात उतरलेला, माणसे तुरुंगात जात होती, वकील कोर्टावर पाणी सोडत होते, आणि हे गृहस्थ सरकारच्या मंडळात जाऊन बसले. पुढे सरकारचा दिवाणबहादुर हा किताब घेतला, संस्थानाचे दिवाणपद घेतले. तुरुंगात गेले नाहीत. असा माणूस कशाला आठवायचा?

आक्षेप हलका नाही, आणि मी तो टाळणार नाही. १९२० साली कायदेमंडळात जाणे म्हणजे सरकारच्या खेळात सामील होणे, हे एका अर्थी खरेच होते. ज्यांनी चौकट मोडली त्यांच्यामुळे स्वातंत्र्य आले, ही गोष्ट लठ्ठ्यांच्या बाजूने कितीही बोलले तरी बदलत नाही. पण तेवढ्यावर निकाल देणाऱ्याने हेही पाहिले पाहिजे की चौकटीबाहेर राहण्याची चैन सगळ्यांना परवडत नव्हती. ज्या समाजातला पहिला मुलगा नुकता मॅट्रिक होत होता, त्याला शाळेवर बहिष्कार टाका म्हणून सांगणे सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरातल्या मुलाने वर्ष वाया घालवले तर घर उभेच राहते. शेतकऱ्याच्या मुलाचे वर्ष गेले की तो पुन्हा नांगरामागे जातो. लठ्ठ्यांचे राजकारण या मुलाकडे पाहून ठरत होते.

याच जिल्ह्यात त्या काळात हा प्रश्न आणखी खोल खणला गेला. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. बॅरिस्टर होऊन परत आल्याला त्यांना जेमतेम दोन वर्षे होत होती. महाडचे तळे अजून दोन वर्षे पुढे होते. काँग्रेसचा मांडव बेळगावातून उठून चार महिनेही झाले नव्हते आणि सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर निपाणीत दुसरीच माणसे जमून विचारत होती की आम्ही यात कुठे आहोत. लठ्ठ्यांच्या पिढीने मराठा, जैन, लिंगायत शेतकऱ्याच्या वाट्याचा प्रश्न काढला. ज्याच्या हाती शेतही नाही आणि गावच्या विहिरीचे पाणीही नाही, त्याच्या वाट्याचा प्रश्न बाबासाहेबांनी काढला. बोर्डिंगातल्या त्या आंघोळीच्या प्रसंगाचे उत्तर निपाणीच्या परिषदेत होते. शताब्दी साजरी करणाऱ्या बेळगावने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आठवल्या असत्या, तर आपल्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा खरा इतिहास कळला असता.

लठ्ठे पुढे काँग्रेसमध्ये गेले. १९३७ ची निवडणूक त्यांनी काँग्रेसकडून लढवली. त्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतले पुष्कळ जण केशवराव जेध्यांच्या मागोमाग काँग्रेसमध्ये येत होते, कारण काँग्रेसही बदलत होती. खेड्यातला शेतकरी तिच्यात शिरला होता. याला कोणी पक्षांतर म्हणेल. माझ्या मते तो दोन्ही बाजूंनी झालेला प्रवास होता. अर्थमंत्री झाल्यावर त्यांच्यापुढे आलेला पेच आजच्या कोणत्याही अर्थमंत्र्याला घाम फोडणारा होता. काँग्रेसला दारूबंदी करायची होती आणि इलाख्याच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा मोठा. दारूबंदी करायची तर शाळा आणि दवाखाने कशावर चालवायचे? लठ्ठ्यांनी शहरांतल्या इमारतींच्या भाड्याच्या किमतीवर दहा टक्के कर बसवला. मुंबईतले घरमालक खवळले, पण तो मागे घेतला गेला नाही, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. दारूबंदी असावी की नसावी यावर मतभेद होऊ शकतात. पण घोषणा करायची तर तिचे पैसे कोण भरणार हेही त्याच दमात सांगायचे, आणि तो भार गरिबाऐवजी इमारतवाल्यावर टाकायचा, ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. तीन महिन्यांत महायुद्धाच्या प्रश्नावरून काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि तो अध्याय संपला. १९५० मध्ये लठ्ठे वारले.

त्यानंतर सहा वर्षांनी जे झाले त्यात ते हरवले.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात मराठी माणसांवर गोळ्या चालल्या. १ नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून आपल्या सार्वजनिक आठवणीत माणसाला जागा मिळायची तर तो हुतात्मा असावा लागतो, नाहीतर सीमालढ्याचा नेता. त्या आठवणी आपल्या काळजातल्या आहेत. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढे उभा राहून ज्याचा गळा भरून येत नाही असा मराठी माणूस बेळगावात मी पाहिलेला नाही. पण त्या एका मापाने सगळा इतिहास मोजायला गेलो आणि कितीतरी माणसे मापात न बसल्यामुळे गळून पडली. गंगाधरराव मराठीत आत्मचरित्र लिहिणारे आणि कर्नाटकाचे सिंह म्हणवले जाणारे. त्यांना अर्धे कानडी बाजूने घेतले, अर्धे आपण टाकले. लठ्ठ्यांचे तर दोन्हीकडे कोणी उरलेच नाही. त्यांच्या मतदारांत मराठा होता, लिंगायत होता, जैन होता. मराठी होता, कानडीही होता. सीमेच्या भांडणात अशा माणसाचा दाखला कोणाच्याच कामाचा नव्हता.

आणि तिथेच आपले नुकसान झाले. अथणीचा सवाल भाषेच्या आरपार जाणारा होता. पुढेही तो अधूनमधून डोके वर काढत राहिला. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्त्यावर ठाण मांडले, गोळीबार झेलला, तेव्हा रस्त्यावर बसलेल्या माणसाची घरातली भाषा कोणी विचारली नव्हती. भाषेचा लढा खरा, न्याय्य आणि आजही जिवंत आहे. मी त्या लढ्यातलाच आहे. पण भाषेच्या लढ्यात आपण आपल्यातल्या आपल्यात वाट्याचा प्रश्न विचारायचे थांबलो. सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या व्यासपीठावर कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे किती जण बसतात? बायका किती? मराठी बोलणारा दलित, मराठी शाळेत मुले घालणारा मुसलमान यांना आपण मोर्चाला बोलावतो, पण उमेदवारी ठरवताना त्यांना विचारतो का? २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. बंडखोरी, पैसा, राष्ट्रीय पक्षांची ओढ ही कारणे आपण सांगतो आणि ती खरी आहेत. तरीही तरुण मतदार आपल्याला सोडून गेला त्याचे सगळ्यात साधे कारण हे की रस्ता, पाणी, नोकरी, जमिनीचा उतारा याबद्दल त्याच्या वाट्याला काय येणार, हे आपण त्याला सांगूच शकलो नाही. सीमाप्रश्न सुटल्यावर बघू, एवढेच सांगत राहिलो.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. वीस वर्षे उलटून गेली. दावा लढलाच पाहिजे. पण आपण सगळा कायदा त्या एका दाव्याच्या गाठोड्यात बांधून दिल्लीला पाठवून दिला आणि इथे हात रिकामे करून बसलो.

मागे एका तालुका कचेरीच्या आवारात खानापूरकडचा एक म्हातारा शेतकरी भेटला. धोतर, टोपी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "एवढं वाचून सांग की रे बाळा, काय म्हणत्यात ते." जमिनीच्या नोंदीबद्दलची नोटीस होती, सगळी कन्नडमध्ये. हरकत घ्यायची मुदत त्यात लिहिलेली होती आणि ती चार दिवसांपूर्वी संपली होती. बाहेर टेबल टाकून बसलेल्या लिहिणाऱ्याने पैसे घेऊन अर्ज करून देतो म्हणून सांगितले होते. आजोबांनी हातातला कागद परत पिशवीत घातला आणि मला विचारले, "आता काय करू?" त्यांना सीमाप्रश्नाची तारीख कधी आहे हे पाठ होते. आपल्या भाषेत नोटीस मागता येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्या मागणीला आधार आहे. राज्य पुनर्रचनेबरोबरच १९५६ मध्ये केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन काढले. ज्या भागात अल्पसंख्याकांची भाषा बोलणारे लोकसंख्येच्या पंधरा ते वीस टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस या अटीच्या कितीतरी वर आहे. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे घटनेत आली. ३५० अ, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल; आणि ३५० ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याबद्दल. ती घटनादुरुस्ती अमलात आली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. ज्या दिवशी आपण काळे झेंडे लावतो, दंडाला काळी फीत बांधतो, त्याच दिवशी ही दोन कलमे आपल्या हाती आली होती. काळा दिन पाळायलाच हवा, कारण त्या दिवशी आपले म्हणणे न ऐकता आपल्याला वेगळ्या राज्यात ढकलले गेले. पण त्याच दिवशी मिळालेल्या कलमांच्या अंमलबजावणीसाठी आपण वर्षातला दुसरा कोणता दिवस दिला? त्या विशेष अधिकाऱ्याचे विभागीय कार्यालय कित्येक वर्षे याच बेळगावात होते. ते इथून हलले तेव्हा चार निवेदने गेली आणि विषय संपला.

लठ्ठे इथे असते तर त्यांनी काय केले असते, अशा कल्पनेत मी रमत नाही. त्यांच्या वेळचा कायदा वेगळा, सरकार वेगळे. पण त्यांच्या कामाची रीत आपल्यापुढे उघडी आहे. मागणी नेमकी करायची, तिला आकडा जोडायचा, ती ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याच टेबलावर ठेवायची, आणि शेजाऱ्याची तीच अडचण असेल तर त्याची भाषा न पाहता त्याला बरोबर घ्यायचे. हलगा-मच्छे बायपासमध्ये जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी रस्त्यावरच्या आंदोलनाबरोबर कोर्टाची पायरीही चढली आणि वर्षानुवर्षे कागद लढवले. या मातीत ती चिकाटी अजून आहे. ती संघटनेच्या रोजच्या कामात यायला हवी.

माझी मागणी अगदी मर्यादित आहे. बेळगावात १९३९ पासून कायद्याचे कॉलेज आहे. दरवर्षी तिथून मराठी मुले-मुली सनद घेऊन बाहेर पडतात. समितीने, महिला मंडळांनी, वाचनालयांनी त्यांना हाताशी धरून खानापूर, बेळगाव, निपाणी या तीन ठिकाणी आठवड्यातून एक दिवस कचेरीबाहेर टेबल मांडावे. येणाऱ्याची नोटीस वाचून द्यावी, मुदत सांगावी, उत्तर लिहून द्यावे. नोटीस कानडी शेतकऱ्याची असेल तर त्यालाही तेच करून द्यावे, कारण सरकारी कानडी त्यालाही समजत नाही. कोणत्या कचेरीतून किती कागद फक्त कन्नडमध्ये निघाले, याची वही ठेवावी. वर्षाच्या शेवटी ती वही विशेष अधिकाऱ्याकडे, दोन्ही राज्यांच्या सीमाप्रश्नाच्या मंत्र्यांकडे आणि गरज पडली तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे ठेवावी. त्या टेबलावर कोण बसणार हे ठरवताना मात्र सगळ्या गावांतले, सगळ्या जातींतले मुलगे आणि मुली बसतील हे आधी बघावे.

आणि अर्ज मराठीतच लिहावा. घटनेच्या ३५० व्या कलमाने कोणत्याही व्यक्तीला आपली तक्रार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडायचा हक्क दिला आहे. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज परत केला, तर कलमाचा आकडा अर्जाच्या डोक्यावर लिहून तो स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती त्या वहीत चिकटवावी.